भाड्याची खोली कोणाच्याच यादीत नाही

होळी झाल्याच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्यावर जेसीबी चढला. सात खोल्या होत्या तिथं, मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, मधात आंगण, आंगणात एक बोअर आणि कोपऱ्यात दोन संडास. सकाळी नऊला सुरू झालं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं सपाट. माझी आई दारात उभी राहून पाहत होती, ती एवढंच बोलली, "सात चुली विझल्या बाप्पा." आता तिथं रोडच्या बाजूनं गाळे निघणार आहेत. मालकाला मी काही वाईट म्हणत नाही, त्याची दोन्ही पोरं पुण्याला, कवेलू फेरायला माणूस भेटत नाही, भाडं येतं ते दुरुस्तीतच जातं, आणि गाळ्यांचा अॅडव्हान्स एकदम हातात पडतो. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मलाच छातीठोक सांगता येत नाही.

पण त्या सात घरच्या लोकांचं काय झालं ते मी विचारत फिरलो. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणारी दोन कुटुंबं मेळघाटातली, ती सीझन संपायच्या आतच जिनिंगच्या मागच्या पडीत जागेत ताडपत्री बांधून राहिली. कंत्राटी नर्सताई होती, ती आता तालुक्याहून रोज २२ किलोमीटर अपडाऊन करते, म्हणजे रात्री कोणाला गरज पडली तर गावात नर्स नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोरं होती, त्यातला एक आपल्या गावी परत गेला आणि क्लास सुटला तो सुटलाच. म्हातारा-म्हातारी भावाच्या सपरीत, म्हणजे पडवीत. चिवडा-भेळवाला बाजार फिरत दुसरीकडे निघून गेला. आणि शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई, नवरा नाही, एक पोरगी आठवीत, ती आमच्याकडे आली कारण आमच्या मागच्या चार खोल्यांपैकी तीन नंबर रिकामी होती.

हे सगळं एका वाड्यातलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या आमच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षात असे किती वाडे पडले ते हायवेच्या कडेनं बाईकवर एक चक्कर मारली तरी दिसतं, जिथं जिथं नवीन शटर दिसते तिथं मागं कधी तरी खोल्या होत्या.

मी गावात ऑनलाईन कामाचं सेंटर चालवतो, दाखले, रेशनकार्ड, घरकुलाचे फॉर्म, सगळं माझ्या खुर्चीसमोरून जातं. त्यामुळं मला हे ठामपणे सांगायचं आहे की आपल्याकडं गरिबाच्या घराबद्दल जेवढी चर्चा होते ती सगळी मालकीच्या घराची होते. भाड्यानं राहणारा गरीब, तो पण खेड्यातला, हा कोणाच्याच यादीत नाही. आणि त्याला निवारा देणारी जी व्यवस्था आहे ना, म्हणजे कोण्या म्हातारीच्या दोन खोल्या, कोण्या रिटायर मास्तरच्या मागची चाळ, ती सरकारनं बांधली नाही, बिल्डरनं बांधली नाही, ती आपोआप उभी झाली आणि आता आपोआप पडून राहिली. ती पडू देऊ नये आणि आहे तशी सडू पण देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता लोक म्हणतील खेड्यात भाडेकरू असतात तरी किती. बरोबर आहे, २०११ च्या जनगणनेत देशाच्या ग्रामीण भागात भाड्यानं राहणारी कुटुंबं ३.४ टक्के निघाली आणि शहरात २७.५ टक्के. आकडा लहान दिसतो म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. पण हे ३.४ टक्के सगळ्या गावांमध्ये सारखे पसरलेले नसतात, ५०० वस्तीच्या गावात एकही भाडेकरू नसेल आणि जिथं बाजार आहे, जिनिंग आहे, ज्युनियर कॉलेज आहे, दवाखाना आहे, कोळशाची खाण जवळ आहे, अशा एका मोठ्या गावात ते सगळे येऊन गोळा झालेले असतात. आमचं गाव तसंच, कागदावर अजून ग्रामपंचायत, पण पाच वाजता चौकात उभं राहा, अर्धे चेहरे बाहेरचे. ती माणसं नसली तर जिनिंग चालत नाही, शाळेची खिचडी शिजत नाही, दवाखान्यात नर्स नाही. गाव त्यांच्यावर चालतं आणि गावाच्या कागदात ती नाहीत.

घरकुल योजनेचं बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ ला आली, चांगली योजना आहे, मी शेकडो फॉर्म भरले आहेत, लोकांची घरं झालेली डोळ्यानं पाहिली आहेत. सपाट भागात १ लाख २० हजार, नक्षलग्रस्त आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार, वर रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी, संडासाचे १२ हजार वेगळे. अनुसूचित जातींसाठी रमाई आहे, आदिवासींसाठी शबरी आहे, ज्याला जागा नाही त्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ योजनेतून पैसे आहेत. पण ह्या सगळ्याला जागा पाहिजे आणि नाव पाहिजे, नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा पाहिजे. बरं, मेळघाटातल्या त्या जिनिंग कामगाराला त्याच्या गावी घरकुल भेटलेलं असू शकतं, चांगलंच आहे, पण तिथं त्याला काम नाही. दिवाळीपासून ते मार्च-एप्रिलपर्यंत त्याचं पोट इथं आहे. त्याला इथं दुसरं घरकुल नको आहे, त्याला इथं पाच-सहा महिने लेकरांना घेऊन माणसासारखं राहता येईल अशी एक खोली पाहिजे, परवडेल अशा भाड्यात. रेशनचं बघा, वन नेशन वन रेशन कार्ड आलं तेव्हापासून मेळघाटातल्या माणसाला आमच्या गावच्या दुकानात धान्य भेटतं, अंगठा लावला की झालं. धान्य माणसामागं चालत आलं, घराचं तसं काहीच झालं नाही.

शहरासाठी सरकारला हे सुचलं आहे बरं का. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजूर पायी निघाले ते सगळ्या देशानं पाहिलं, त्यानंतर परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, आणि २०२४ मध्ये शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा आला त्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा भाग ठेवला. पण ते सगळं शहरी. त्या वर्षी जे लोक पायी चालत आले त्यातले किती तर आमच्याच हायवेवरून गेले, आणि जिनिंगवरचा मजूर, वीटभट्टीवरचा मजूर, तो काही फक्त शहरात नसतो. गावाच्या हद्दीत नगरपालिका नाही म्हणून त्याचं घामट अंग धुवायला न्हाणी नको का?

आता खोल्या कशा आहेत ते सांगतो, कारण ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना वाटेल मी उगाच जुन्या वाड्यांचं कौतुक करून राहिलो. आमची तीन नंबरची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. घरकुलाचं कमीत कमी क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं आहे, ते होतात २६९ चौरस फूट, म्हणजे सरकार ज्याला कमीत कमी घर म्हणतं त्याच्या अर्ध्याहून कमी जागेत आमच्याकडं एक आख्खं कुटुंब राहतं. मागची भिंत पावसाळ्यात कंबरेपर्यंत सादळते, कॅलेंडर लावलं तर बुरशी धरते. खिडकी एकच, ती पण गोठ्याकडं. आणि वर टिन.

टिनाबद्दल थोडं जास्त बोलतो. आधी आमच्या चारही खोल्यांवर कवेलू होते. कवेलूचं छत उन्हाळ्यात लय चांगलं, पण दरवर्षी मिरगाच्या आधी फेरावं लागतं, आणि वांदरं आली की एका उडीत पन्नास कवेलू फुटतात. आधी गावात कुंभारांची आठ घरं कवेलू करत होती, आता एकही करत नाही, फेरणारे दोन म्हातारे राहिले होते त्यातले एक गेले. मग बाबांनी २०१४ ला टिन टाकलं. सगळ्यांनीच टाकलं. गळणं बंद झालं, वांदरांचा त्रास गेला, लोक म्हणाले घर सुधारलं. पण मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे आकडे टीव्हीवर दाखवतात तेच ऊन इथंही पडतं, आणि टिनाखाली दुपारी एक ते पाच कोणी थांबू शकत नाही, हे मी खरंच सांगून राहिलो, मी स्वतः एक दुपार बसून पाहिलं, स्टीलच्या गुंडातलं पाणी चहाचं आधण ठेवल्यासारखं गरम झालं होतं. माणसं लेकरांना घेऊन मंदिराच्या सभामंडपात, नाहीतर कडुनिंबाखाली जाऊन पडतात. बाळंतीण बाई असेल तर ती कुठं जाईल? मालक कूलर लावू देत नाही कारण बिल येतं. म्हणजे जी सुधारणा म्हणून केली तिनंच खोली राहण्यासारखी ठेवली नाही.

आणि आपल्या विदर्भात ह्याच्यावर काम झालेलं नाही असं नाही. सेवाग्रामची बापू कुटी सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे, माती, बांबू, कवेलू, भर उन्हात आत गेलं की थंडावा लागतो. वर्ध्यालाच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे, १९७० च्या दशकात देवेंद्र कुमारांनी सुरू केलेलं, तिथं कुंभाराच्या चाकावरच्या पेल्यासारख्या कौलांना एकात एक अडकवून कमानीचं छत करायची पद्धत बसवली, लाकूड लागत नाही, लोखंड लागत नाही, कुंभाराला काम भेटतं. एवढं ज्ञान बाजूच्या जिल्ह्यात पडलेलं आहे आणि आमच्या मिस्त्रीला टिन आणि स्लॅब ह्याच्यापलीकडं तिसरं काही माहीत नाही, कारण त्याला कोणी कधी शिकवलंच नाही.

मग मालक स्लॅब का टाकत नाही? आमचाच हिशोब मांडतो, लपवायचं काय त्यात. चार खोल्या, तिघांचं भाडं १,५०० आणि खिचडीवाल्या ताईचं १,०००, कारण तिचं मानधनच महिन्याचं २,५०० आहे, बाकी ती वेचणीला जाते, निंदायला जाते तेव्हा भागतं. झाले महिन्याला ५,५००, वर्षाचे ६६,०००. एक खोली जिनिंग बंद असते तेव्हा पाच महिने रिकामी, म्हणजे साडेसात हजार कमी, राहिले ५८,५००. त्यात घरटॅक्स, मोटारचं काम, संडासाचा टँक उपसणं, आणि आईच्या गोळ्या-औषधांचा खर्च पण ह्याच्यावरच. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो मातीच्या भिंतीवर स्लॅब टिकत नाही, पाडून बांधा, एका खोलीचे दोन-अडीच लाख. बँकेत गेलो तर म्हणतात गावठाणातली जागा, कागद काय आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावांना प्रॉपर्टी कार्ड भेटायला लागलं तो एक चांगला मार्ग आहे, पण कार्ड भेटलं तरी ५८ हजार कमाईवर दहा लाखाचं कर्ज कोण घेईल आणि घेतलं तर भाडं ३,००० च्या वर न्यावंच लागेल. मग खिचडीवाली ताई बाहेर. म्हणजे खोली सुधारली की गरीब बाहेर, आणि नाही सुधारली की गरीब आत उकडतो. मधला रस्ता कोणी काढलेलाच नाही.

विजेचं पण असंच आहे. भाडेकरू म्हणतात मालक युनिटला १२ रुपये घेतो, लुटतो. काही लुटतात, हो. पण माझ्या आईची लाल वही आहे त्यात ती दर महिन्याला प्रत्येक खोलीचं सब-मीटर लिहिते, त्यात बघा, एका खोलीचे ६५ युनिट, चार खोल्यांचे २६०, आमचे १२०, एकूण ३८०, आणि मीटर एकच. महावितरणचा दर १०० युनिटच्या आत स्वस्त, त्याच्या वर ३०० पर्यंत दुपटीच्या आसपास, ३०० च्या वर अजून जास्त. म्हणजे ६५ युनिट जाळणारी गरीब बाई श्रीमंताच्या दरात जाऊन बसते, तिची काही चूक नसताना. स्वतःचं मीटर असतं तर ती सगळ्यात स्वस्त दरात बसली असती. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक किंवा राहणारा दोघांच्याही अर्जावर कनेक्शन द्यायचं लिहिलं आहे, पण राहणाऱ्यानं अर्ज करायचा तर राहतो त्याचा पुरावा पाहिजे आणि पुरावा मालकाच्या सहीशिवाय होत नाही, आणि मालक सही देत नाही.

का देत नाही? भीती. "एकदा कागद झाला का भाडेकरू बसते बोकांडी, मंग कोर्टात जा," हे वाक्य मी माझ्या सेंटरमध्ये किती वेळा ऐकलं असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्यात करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, ती जबाबदारी मालकाची. भाड्याची पावती दिली पाहिजे, मालकानं घर दुरुस्त ठेवलं पाहिजे, नाही ठेवलं तर भाडेकरूनं १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करायचं आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत कापून घ्यायचं, पाणी-लाईट तोडायची नाही. वाचायला चांगलं आहे. पण तो परिशिष्टात दिलेल्या भागांना लागू होतो, आणि आमच्यासारख्या गावात तर दोन्हीकडच्या लोकांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. इथं सगळं तोंडी. तोंडी असल्यामुळं भाडेकरूला उद्या खाली कर म्हटलं तर तो रात्रीतून सामान उचलतो, आणि तोंडी असल्यामुळंच मालक पण घाबरलेला. त्या वाड्यातल्या सात कुटुंबांना पंधरा दिवस दिले होते, ते पण मालक बरा माणूस म्हणून.

अजून एक गोष्ट आहे जी आपण बोलत नाही, मी बोलतो. खोली विचारायला माणूस आला की पहिला प्रश्न "आडनाव काय?" भाडं नंतर, माणसं किती ते नंतर. आडनाव ऐकून खोली "कालच गेली." बौद्ध असो, मुसलमान असो, पारधी असो, एकटी बाई असो, सगळ्यांना हे उत्तर पाठ आहे. आमच्या घरी पण हे झालेलं आहे, बाबा असताना, मी तेव्हा दहावीत होतो आणि गप्प बसलो, त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, तो डीएड करत होता. म्हणून जेव्हा मी म्हणतो की छोट्या घरमालकाला मदत करा, तेव्हा मी असं म्हणत नाही की त्याला मोकळं सोडा. पैसा सरकारचा लागला तर आडनाव विचारायचा हक्क गेला, हे लिहूनच घ्या.

माझी मागणी साधी आहे. ग्रामीण भागात भाड्याच्या जुन्या खोल्यांसाठी दुरुस्ती अनुदान द्या. नवीन कॉम्प्लेक्स नको, ते गावाबाहेर दोन किलोमीटरवर बांधतील आणि तिथं झुडपं वाढतील. खोलीमागं ४०-५० हजार दिले तर भिंतीचा खालचा भाग दगड-सिमेंटचा करता येतो, छताला खालून अस्तर लावता येतं, समोरच्या बाजूनं अजून एक खिडकी फोडता येते, दोन खोल्यांमध्ये एक संडास-न्हाणी होते. एका घरकुलाच्या पैशात दोन-तीन खोल्या राहण्यासारख्या होतात. बदल्यात मालकानं पाच वर्षं भाडं ठरल्यापेक्षा वाढवायचं नाही, वाढवायचं तर वर्षाला ४ टक्के, भाडे कायद्यात तेवढीच वाढ आहे. पावती द्यायची, ग्रामपंचायतीत भाडेकरूची नोंद करायची, त्या नोंदीवर त्याला मीटर आणि रहिवासी दाखला भेटला पाहिजे, पण त्याच नोंदीत हे पण लिहिलेलं पाहिजे की ह्यानं मालकी हक्क येत नाही, मालकाची अर्धी भीती तिथंच जाते. आणि सुधारलेल्या खोलीवर पाच वर्षं घरटॅक्स वाढवू नका, कारण मातीच्या घराचा दर वेगळा आणि पक्क्याचा वेगळा, भिंत पक्की केली की टॅक्स वाढतो म्हणूनच कित्येक जण हात लावत नाहीत. घरकुलाचे फोटो जिओ-टॅग करायची सिस्टीम तयारच आहे, तीच इथं वापरा.

भाड्याच्या खोल्या हा धंदा आहे, धंद्याला सरकारनं पैसा काहून द्यावा, असं आमच्या ग्रामपंचायतीतल्या एका मेंबर काकांनी मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं काका, शेततळ्याला देता, ठिबकला देता, तो पण माणसाच्या कमाईचाच भाग आहे. आणि भाड्यासाठी सरकार पैसे देतच नाही असं पण नाही, वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना स्वाधारमधून राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात येतात, आदिवासी पोरांना स्वयममधून येतात. ते पैसे शेवटी अशाच कोणाच्या तरी खोलीचं भाडं म्हणून जातात, मग ती खोली राहण्यासारखी असावी ह्यात कोणाचं काय चुकतं? काकांना ते पटलं का माहीत नाही, पण ग्रामसभेत विषय मांड म्हणाले.

जिनिंगवाल्यांवर पण जबाबदारी पाहिजे. सीझनला बाहेरून माणसं आणता तर त्यांच्या राहण्याचा खर्च कापसाच्या धंद्यातच धरला पाहिजे, तो गावच्या पडीत जमिनीवर ढकलून चालणार नाही.

तोपर्यंत आम्ही आमच्यापुरतं एक केलं. तीन नंबरच्या टिनावर चुन्याचे तीन हात मारले, आणि खालून बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घेऊन टिनापासून हातभर खाली बसवले, मधात वारा खेळायला दोन्हीकडून जाळी ठेवली. मजुरी धरून ४,२०० रुपये लागले. खोली काही थंड झाली नाही, पण दुपारी तीनला पोरगी आत बसून अभ्यास करत होती, हे मी पाहिलं. आईनं ताईसोबत साध्या कागदावर करार लिहिला, पाच वर्षं, भाडं १,०००, खाली करायचं झालं तर तीन महिने आधी सांगायचं, दोघींच्या सह्या. ताईला सही येते, तिनं पूर्ण नाव लिहिलं आणि कागदाची झेरॉक्स मागितली. आता एक, दोन आणि चार नंबर राहिले आहेत, मिरगाच्या आधी दोनाचं होईल एवढे पैसे आहेत, चार नंबरचं पुढच्या वर्षी.